मदत हवी आहे : पिक्चर बघून अर्धे हसले, अर्धे भडकले, आता चर्चा कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी, आम्ही कुडाळात मित्रमंडळी महिन्यातून एकदा पिक्चर बघतो आणि नंतर त्यावर बोलतो. यावेळी 'सबर्बिकॉन' लावला, जॉर्ज क्लूनीचा २०१७ चा. १९५९ सालची अमेरिकेतली गोऱ्यांची टापटीप वसाहत, आणि आतमध्ये विम्याच्या पैशासाठी बायकोचा खून.

नवऱ्याच्या भूमिकेतला मॅट डेमन रक्ताळलेल्या शर्टात लहान पोराच्या सायकलवरून रात्री घरी निघतो तेव्हा पोरं खो खो हसली आणि मागच्या रांगेतले काका चिडून म्हणाले, 'अरे माणूस मेलाय, हसताय काय!' मला दोघांचंही पटतं. आपल्याकडे दशावतारात संकासुर आला की भीती न् हसू एकत्रच असतं, पण इथे शेजारच्या काळ्या कुटुंबाला जमाव छळतो तो भाग आला आणि सगळे एकदम गप्प. तो भाग १९५७ साली पेनसिल्वेनियातल्या लेव्हिटाऊनमध्ये मायर्स कुटुंबासोबत खरंच घडलं त्यावरून घेतलाय. विनोदी खूनकथेची मूळ स्क्रिप्ट कोएन बंधूंची (हे अमेरिकेतले लेखक-दिग्दर्शक भाऊ) जुनी, हा भाग नंतर जोडलेला, आणि माझ्या मते सांधा तिथेच उसवतो. तिकडच्या प्रेक्षकांनीही सिनेमास्कोर नावाच्या प्रेक्षक-पाहणीत पिक्चरला डी मायनस, म्हणजे फारच खालचा शेरा, दिला होता.

तर ज्यांनी असे ग्रुप चालवलेत त्यांनी प्लीज सांगा, लेव्हिटाऊनचं आधीच सांगून टाकू की पिक्चर झाल्यावर? आणि चिडलेल्या काकांना पहिलं बोलायला द्यावं का, म्हणजे पोरं ऐकतील तरी? मला दोन्ही बाजू पुढच्या वेळी यायला हव्या आहेत.