मराठी माध्यमातून आलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांचं इंग्रजी शब्दभांडार कसं वाढवायचं? मदत हवी आहे

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडा लांबेल, पण वेळ काढून वाचा प्लीज.

आमच्या तालुक्याच्या गावी गावातल्याच काही जणांनी मिळून एक अभ्यासिका चालवलीय. तिथे मी संध्याकाळी अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना इंग्रजी शिकवते. बहुतेक सगळी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, थोडी सेमीवाली. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात, शेवटची गाडी सुटायच्या आत निघावं लागतं, म्हणजे हाताशी जेमतेम तासभर. डोक्याने हुशार आहेत हो, दहावीला गणित-विज्ञानात चांगले मार्क काढून आलेली पोरं आहेत, पण अकरावीत फिजिक्स केमिस्ट्री बायो सगळं एकदम इंग्रजीत अंगावर येतं आणि दिवाळीपर्यंत निम्मी गळाठतात. मग घरचे म्हणतात झेपत नसेल तर सोड सायन्स. विषय झेपत नाही असं नाहीच आहे, भाषा आडवी येते, आणि हे बघून माझा जीव तुटतो.

आता मुद्दा. मुलं त्यांच्या परीने शब्द पाठ करतातच. एका मुलीची वही माझ्यासमोर आहे, सुंदर अक्षर, पानाच्या मधोमध पट्टीने रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘लॉक्वेशस - बडबड्या’, ‘ओब्स्टिनेट - हट्टी’, ‘बेनेव्होलंट - परोपकारी’, असे पानंच्या पानं. कुठल्याशा ‘रोज दहा शब्द’ टाइप व्हिडिओवरून उतरवलेत. विचारलं की धडाधड अर्थ सांगते. आणि त्याच मुलीला फिजिक्सच्या गणितात ‘ए आणि बी यांची वस्तुमानं दोन किलो आणि पाच किलो रिस्पेक्टिव्हली’ असं आलं की ती थांबते, कारण कुठलं वस्तुमान कोणाचं हेच कळत नाही. ‘नेग्लेक्टिंग एअर रेझिस्टन्स’ आलं की थांबते. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘हेन्स’, ‘व्हेअरॲज’, ‘कॉन्स्टंट’, ‘सिग्निफिकंट’, यातलं काहीच तिच्या वहीत नाही. गंमत म्हणजे मी नुसतं ‘अनुक्रमे’ म्हटलं की क्षणात गणित सोडवून दाखवते! समप्रमाण, व्यस्त प्रमाण, नगण्य, गृहीत धरू, हे सगळं तिला पक्कं माहितीये, फक्त मराठीत.

तर मला विचारायचंय की या मुलांना नेमके कुठले शब्द आधी द्यायचे, त्याची काही नीट तयार केलेली यादी आहे का, की आपणच पुस्तकातून वेचायचे? आणि दिलेला शब्द महिन्याभराने डोक्यात राहावा म्हणून काय करता तुम्ही लोक? तिसरं म्हणजे शब्द ओळखता आला तरी लिहिताना तो येत नाही, उत्तरात परत तेच ‘गुड’, ‘बिग’, ‘व्हेरी मच’. जो तो सांगतो इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचायला लावा, तेही करून बघितलं, पहिल्या परिच्छेदातच पंधरा-वीस शब्द अडतात आणि पोरं पेपर मिटून ठेवतात.

ज्यांनी स्वतः हा प्रवास केलाय किंवा जे शिकवतात त्यांनी सविस्तर लिहा, मुलांना वाचून दाखवणार आहे.

सह्यवारा

ताई, धागा काढलात फार बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते बऱ्याच मास्तर लोकांनाही माहीत नसतं. न्यूझीलंडमध्ये एव्हरिल कॉक्सहेड नावाच्या बाईंनी 2000 साली ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. त्यांनी आर्ट्स, कॉमर्स, लॉ आणि सायन्स अशा चारही शाखांचा मिळून साधारण 35 लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि कुठल्याही एका विषयाचे नसलेले, पण सगळीकडे पुन्हा पुन्हा येणारे शब्द वेगळे काढले. ते निघाले 570 शब्दकुटुंबं, म्हणजे ‘ॲनलाइज, ॲनॅलिसिस, ॲनॅलिटिकल’ हे सगळं मिळून एक कुटुंब. अभ्यासाच्या मजकुरात दर शंभरातले साधारण दहा शब्द या यादीतले असतात, आणि त्याआधीचे रोजच्या वापरातले 2000 शब्द घेतले तर तेच शंभरातले पंचाहत्तरच्या वर जातात. तुमचे अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट तिघंही पहिल्याच गटात आहेत बघा. यादीचे दहा गट केलेत, जास्त वापरातले आधी, नेटवर फुकट मिळते. ‘लॉक्वेशस’ त्यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट अग्रलेखाची. पॉल नेशन आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय, त्यांचं म्हणणं असं की कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानात अनोळखी पाच-सहा. तुमच्या मुलांना एका परिच्छेदात पंधरा अडतायत, म्हणजे तो मजकूर त्यांच्यासाठी आत्ता नाहीच, त्यात मुलांचा काही दोष नाही. अग्रलेख बारावीनंतर. एखादं पान उघडायचं, अडलेले शब्द बोटांवर मोजायचे, दहाच्या वर गेले तर दुसरं पुस्तक घ्यायचं, एवढा साधा नियम मुलांना देऊन टाका.

खडूफळा

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतला, नंतर इंजिनीअरिंग केलं, आता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ताई, तुम्ही ‘अनुक्रमे’चं जे लिहिलंय ना तिथेच सगळं उत्तर आहे असं मला वाटतं. या मुलांकडे कल्पना तयार आहे, शब्दाची पाटी फक्त बदलायचीय. त्यामुळे त्यांना शून्यातून सुरुवात करायला लावू नका.

मी काय करतो सांगतो. बालभारतीचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पुस्तक मराठीतही आहे आणि तेच्या तेच इंग्रजी माध्यमासाठीही आहे, धडे तेच, आकृत्या त्याच, क्रमही तोच, आणि दोन्हीची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी अकरावीचं पुस्तक बाजूला ठेवतो आणि दहावीचा पहिला धडा, गुरुत्वाकर्षण, दोन्ही भाषांत शेजारी शेजारी ठेवून वाचून घेतो. मराठीतला परिच्छेद मुलांना जवळपास तोंडपाठ असतो, त्यामुळे इंग्रजी वाक्य डिक्शनरी न उघडता उलगडतं, आणि ‘समानुपाती’ला ‘प्रोपोर्शनल’, ‘व्यस्तानुपाती’ला ‘इन्व्हर्सली प्रोपोर्शनल’ हे ती स्वतः शोधून काढतात. स्वतः शोधलेला शब्द विसरत नाहीत, हा माझा अनुभव. एक धडा झाला की पुढच्या धड्यात वेग दुपटीने वाढतो कारण जोडणारे शब्द, देअरफोर, हाउएव्हर, सच दॅट, ड्यू टू, हे परत परत तेच येतात. इतिहास-भूगोलाचंही असंच करता येईल, म्हणजे सायन्सबाहेरचेही शब्द येतील.

आणि एक कळकळीची विनंती, उच्चार पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे ‘डिटर्मिन’ला ‘डिटरमाइन’ आणि ‘डिव्हेलप’ला ‘डेव्हलॉप’ म्हणणारी मुलं ढिगाने आहेत, कारण शब्द फक्त डोळ्याने वाचलेला असतो. मग लेक्चरला सरांनी बरोबर उच्चार केला की हा तोच शब्द आहे हे मुलाला कळतच नाही, आणि चुकू म्हणून वर्गात तोंडही उघडत नाही. ऑक्सफर्ड किंवा लाँगमनची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, शब्दावर स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबून ऐकायची सवय लावा. लाँगमनमध्ये अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच समजावलेले असतात, त्यामुळे एक शब्द बघायला जाऊन आणखी चार अडत नाहीत.

मोगरा

खडूफळा सरांना अनुमोदन, दोन पुस्तकांची आयडिया भारी आहे.

मी स्पर्धा परीक्षावाली, म्हणून थोडी दुसरी बाजू. समानार्थी-विरुद्धार्थी, वन वर्ड सब्स्टिट्यूशन हे एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) पेपरला येतातच, त्यामुळे ‘ओब्स्टिनेट’ वगैरे अगदीच वाया जात नाही, पण ते पदवीच्या वर्षांत करता येतं. फक्त एक सांगते, समानार्थी शब्दांचा गठ्ठा एकदम देऊ नका. ‘हट्टी’चे आठ शब्द एका दिवशी पाठ केले की पेपरात सगळे एकमेकांत मिसळतात. यावर 1990च्या दशकात टिंकम आणि वेअरिंग यांनी प्रयोग केलेत, एकाच अर्थगटातले शब्द एकत्र शिकायला जास्त वेळ लागतो असंच निघालं. एक शब्द पक्का होऊ द्या, त्याचा भाऊ पंधरा दिवसांनी.

त्यापेक्षा मूळ आणि उपसर्ग शिकवा. आपल्या मुलांनी संस्कृत घेतलेलं असतं, नसलं तरी मराठीच्या व्याकरणात उपसर्ग झालेलेच असतात. आमच्या बाई एक श्लोक म्हणायच्या, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’. एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. हे फळ्यावर लिहायचं आणि शेजारी इंग्रजीतलं ‘स्पेक्ट’ म्हणजे बघणे, इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रिट्रोस्पेक्ट, स्पेक्टेटर. किंवा ‘डक्ट’ म्हणजे नेणे, कंडक्ट, इंडक्शन, डिडक्ट, हे तर फिजिक्स-गणितातच लागतात. मुलांचे चेहरे बघा मग! ही युक्ती आपल्याच घरातली आहे हे कळल्यावर इंग्रजीची धास्ती निम्मी कमी होते. प्रत्येक शब्दाला लागू होत नाही हे मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर अंदाजपंचे अर्थ लावत बसतात.

पाटीपेन्सिल

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार सगळ्यांचे. श्लोक मी उद्याच फळ्यावर लिहिणार.

आता लक्षात राहण्याचं कोणी सांगा ना. ॲपबद्दल ऐकलंय पण सगळ्यांकडे स्वतःचा फोन नाही, वडिलांचा फोन रात्री तासभर मिळतो कोणाला, कोणाला तोही नाही.

बोरूदौत

फोन नसला तरी काही अडत नाही ताई. लाइटनर नावाच्या पत्रकाराने 1972 साली कार्डांच्या खोक्याची पद्धत सांगितली, फोनवरची ॲप्स मूळ त्याच कल्पनेवर चालतात. बुटाचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं होतात. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड दुसऱ्यात, तो दोन-तीन दिवसांनी, मग तिसरा आठवड्याने, असं अंतर वाढवत न्यायचं. चुकलं की कार्ड सरळ परत पहिल्या कप्प्यात. म्हणजे येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही, न येणारेच रोज समोर येतात.

कार्डावर मात्र शब्द आणि अर्थ एवढंच लिहू देऊ नका, त्या वहीसारखंच होईल. पुढच्या बाजूला पुस्तकातलं आख्खं वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि पहिलं अक्षर, मागे शब्द. आठवायचा प्रयत्न आधी, मग उलटून बघायचं. रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006चा प्रयोग यासाठी मुलांना जरूर सांगा. एका गटाने मजकूर परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. मुलांना वाटतं पाच वेळा लिहून काढलं म्हणजे झालं, त्यांना हे पटायला हवं.

आणि लिखाणात शब्द येत नाही म्हणालात, त्यावर माझं मत असं की शब्द एकटा द्यायचाच नाही, जोडीने द्यायचा. मराठीतून उचलून मुलं ‘गिव्ह अटेन्शन’ लिहितात, आपण लक्ष ‘देतो’ म्हणून, इंग्रजीत ते ‘पे अटेन्शन’. प्रयोगाला ‘कंडक्ट ॲन एक्सपेरिमेंट’. निष्कर्ष मात्र दोन्हीकडे काढतातच, ‘ड्रॉ अ कन्क्लूजन’, तो लगेच बसतो. रोज शेवटची पाच मिनिटं, त्या दिवशी फिजिक्सला काय शिकवलं ते तीन वाक्यांत लिहायचं आणि आठवड्याच्या कार्डांतल्या दोन जोड्या त्यात आल्याच पाहिजेत. व्याकरण तेवढ्यापुरतं सोडून द्या, लाल पेनाने पान भरलं की मूल परत ‘गुड’वर जातं.

ज्यांना फोन मिळतो त्यांच्यासाठी अंकीड्रॉइड घ्या, अँड्रॉइडवर फुकट आहे, एकदा कार्डं टाकली की नेट नसतानाही चालतं.

पाटीपेन्सिल

हे अगदी करण्यासारखं आहे. मग असं ठरवते, पहिला महिना खडूफळा सरांच्या पद्धतीने गुरुत्वाकर्षणापासून दोन पुस्तकं शेजारी शेजारी, त्यातून निघालेले शब्द सह्यवारा यांनी सांगितलेल्या यादीशी ताडून कार्डावर, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तीन वाक्यं. लग्नपत्रिका गावात गोळा करायला मुलं एका पायावर तयार होतील.

एक मदत अजून हवीय. मराठी पुस्तकं मुलांकडे आहेत, इंग्रजी माध्यमाची नाहीत, आणि पीडीएफची प्रिंट काढायची तर पानं फार होतात. कोणाच्या घरी इंग्रजी माध्यमाचं दहावीचं विज्ञानाचं जुनं पुस्तक, भाग एक किंवा दोन, पडून असेल तर मला निरोप करा. फाटकं, रेघा मारलेलं कसंही चालेल, पार्सलचा खर्च मी देईन. दोघांत एक मिळालं तरी काम भागेल.