नुसता पदर लागला तरी दुखतं, हे मोजता येतं का?

सातारची_लेक
आईला, वय ६८, पाच महिन्यांपूर्वी पाठीला उजवीकडे नागीण झाली होती, फोड कधीच सुकले पण अजून तिथं पदर लागला तरी कळवळते, पंख्याचा वारासुद्धा नको म्हणते. रिपोर्ट सगळे नॉर्मल, एका डॉक्टरांनी तर सांगितलं की त्या फारच हळव्या आहेत. खूप वाईट वाटलं हो. बीपी मोजतात तसं हे मोजायला काही आहे का?

फिजिओताई
हळवेपणा नाही हा. ज्यानं एरवी कुणालाच दुखत नाही त्यानं दुखणं म्हणजे अ‍ॅलोडिनिया. आणि टाचणीसारखं जे दुखतंच ते प्रमाणाबाहेर दुखलं तर हायपरअल्जेसिया. नागिणीनंतर नसा बिघडल्या की दोन्ही होऊ शकतं. साधी तपासणी कापसाच्या बोळ्यानं होते, आधी डाव्या बाजूला त्याच जागी फिरवायचा, मग उजवीकडे लांबून हळूहळू दुखऱ्या भागाकडे आणायचा, दुखायला लागलं की पेनानं खूण. चारही बाजूंनी करा, खुणा ट्रेसिंग पेपरवर उतरवा, तारीख टाका आणि ० ते १० मधे किती दुखलं तेही लिहा. टाचणी मात्र घरी नको.

विदर्भवाला
पण आकडा शेवटी पेशंटच सांगणार ना, मग ते मोजमाप कसलं?

पेनक्लिनिक_डॉ
सांगतो पेशंटच, पण दाब किती दिला, उष्णता किती दिली ते आपल्या हातात असतं. क्यूएसटी म्हणतात त्याला, क्वांटिटेटिव्ह सेन्सरी टेस्टिंग, म्हणजे संवेदना मोजून तपासणं. ठराविक जोरालाच वाकणारे नायलॉनचे तंतू, दाब मोजणारं अल्गोमीटर, हळूहळू तापणारा प्रोब, दुखायला लागलं की पेशंट बटण दाबतो, आणि मग तुलना त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या त्याच अवयवाशी. जर्मन संशोधकांच्या पद्धतीत अशी १३ मापं आहेत. वेळखाऊ आहे म्हणून सगळीकडे करत नाहीत. आणि कुठल्याही एका आकड्यावर सगळं सोडू नये, फायब्रोमायल्जिया म्हणून अंगभर दुखण्याचा आजार आहे, त्याच्या १९९० च्या निकषांत साधारण ४ किलो दाबाला १८ पैकी ११ जागा दुखायला हव्या होत्या, पण दाबणारा अंगठा प्रत्येकाचा निराळा, २०१० मधे ती अट काढून पेशंटला विचारण्यावर भर दिला. वेदनेच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येसोबतही स्पष्ट लिहिलंय की पेशंट दुखतं म्हणाला तर त्याचा मान ठेवा. ताई, पेन क्लिनिकला दाखवाच, यावर गोळ्या आहेत, जागा बधिर करणारे लिडोकेनचे पॅच आहेत.

सातारची_लेक
आज कापसानं केलं. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे मणक्यापासून चार बोटांवर आई दचकलीच, ८ म्हणाली. कागद तयार आहे, सोमवारी अपॉइंटमेंटला घेऊन जातेय.