मदत हवी आहे: एक्सेल मॅक्रोत गुजराती मथळ्यांऐवजी प्रश्नचिन्हं येतात

वडोदऱ्यातलं ऑफिस, तीन कॉम्प्युटर, विंडोज १०, एक्सेल २०१६. बँकेची रोजची सीएसव्ही फाइल नीट करणारा मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) पर्सनल.एक्सएलएसबीत, म्हणजे एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या लपलेल्या फाइलमध्ये ठेवलाय, बटण क्विक अ‍ॅक्सेस टूलबारवर. नको ते कॉलम उडवणं, तारखा सरळ करणं, सगळं चोख. अडतंय ते पहिल्या ओळीतल्या १४ गुजराती मथळ्यांपाशी. रेकॉर्ड केलेल्या कोडमध्ये 'तारीख'च्या जागी बरोब्बर पाच प्रश्नचिन्हं, काना-वेलांटीसकट अक्षरागणिक एक.

कारण माहीत आहे: व्हीबीए एडिटर (मॅक्रोचा कोड लिहायची खिडकी) युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी संकेतपद्धत, जपत नाही. सिस्टिम लोकेल गुजराती करूनही उपयोग नाही, कारण गुजरातीला जुनं अ‍ॅन्सी कोडपेज (युनिकोडआधीचा अक्षरसंकेतांचा तक्ता) नाहीच. फॉन्ट बदलून तर काहीच होत नाही, तेव्हा तो सल्ला नको.

सीएचआरडब्ल्यू, म्हणजे क्रमांकावरून अक्षर देणारं फंक्शन, वापरून पाहिलं (त साठी २७२४). चालतं, पण चौदा मथळे असे लिहिले की पुढे शुद्धलेखन दुरुस्त कोण करणार? म्हणून मथळे पर्सनल.एक्सएलएसबीच्याच एका शीटवर ठेवून धिसवर्कबुकमधून (म्हणजे कोड ज्या फाइलमध्ये आहे तिच्यातूनच) वाचतोय. माझ्या मशीनवर छान चालतंय.

आता टूलबार एक्स्पोर्ट करून दुसऱ्या मशीनवर घेतला, तर बटण माझ्याच युजर फोल्डरमधला मॅक्रो शोधतं आणि एरर येते. तिन्हीकडे युजरनेम वेगळं, अ‍ॅडमिन हक्क नाहीत, बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही.

मथळ्यांच्या शीटसकट सगळं एक्सएलएएम अ‍ॅड-इनमध्ये (एक्सेलला जोडायच्या पूरक फाइलमध्ये) हलवून बटण त्याच्याच रिबन एक्सएमएलमध्ये (वरच्या पट्टीतली बटणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) दिलं, तर पाथची कटकट सुटेल का? आणि पुढे मथळा बदलायचा झाला, तर अ‍ॅड-इनमधली ती लपलेली शीट उघडायची कशी?