हेलियम, विजयदुर्ग आणि लॉकियर: नक्की काय घडलं?

प्रश्न (जिज्ञासू_कोकणी)
दरवर्षी 18 ऑगस्टला तोच मेसेज फिरतो: 1868च्या खग्रास ग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. खरं किती? आणि सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा ग्रहणाविना दिसते म्हणतात, मग ग्रहण कशाला हवं होतं?

उत्तर 1 (वर्णपट)
ओट्यांवर कोण बसलं असेल ते असो, लॉकियर नव्हता. तो इंग्लंडमध्येच होता. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आणि ब्रिटिश टेनंट गुंटूरला, धाकटे हर्शेल जमखंडीला, पॉगसन मसुलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या (प्रॉमिनन्स) वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या, एवढं त्या दिवशी पक्कं झालं. जान्सेनला दुसऱ्याच दिवशी त्या ग्रहणाविना दिसल्या. लॉकियरने तेच 20 ऑक्टोबरला, भारतातली पद्धत ठाऊक नसताना केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत 26 ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत पोचली.

उत्तर 2 (लोलक)
पद्धत अशी: दुर्बिणीतली सूर्याची प्रतिमा वर्णपटदर्शकाच्या फटीवर घ्यायची आणि फट बिंबाच्या कडेला, किंचित बाहेर ठेवायची. आकाशाची चकाकी सगळ्या रंगांची असते. लोलक वाढवले की ती पसरून फिकी पडते. ज्वाळेचा प्रकाश मोजक्याच रेषांत असतो, तो पसरत नाही, म्हणून उठून दिसतो. फट बिंबावर सरकली की सगळं बुडालं, फार रुंद केली की चकाकी परत वर येते. धुरकट हवेतही तेच.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. पिवळी रेषा 587.6 नॅनोमीटरला, सोडियमच्या दोन 589.0 आणि 589.6ला. खग्रासात शेजारी तुलनेला काही नसतं, म्हणून ‘सोडियमच असेल’ वाटणं साहजिक. दिवसा मात्र उरलेल्या चकाकीतच सोडियमच्या काळ्या रेषा दिसतात. चकाकीच मोजपट्टी होते! नवी रेषा त्यांच्यावर बसत नाही, हे तिथे कळलं.

जिज्ञासू_कोकणी
मग सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात तिची काळी रेषा का नाही?

उत्तर 3 (वर्णपट)
ती शोषायला हेलियमचा अणू आधीच सुमारे 21 इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) वर चढलेला लागतो. 5,800 केल्विनच्या पृष्ठभागावर असे अणू जवळजवळ नसतातच. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला 1895मध्ये क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजात मिळाला. शोधत होता आर्गॉन.

उत्तर 4 (लोलक)
कॉलेजात हेलियमची डिस्चार्ज नळी (विजेने वायू चमकवणारी) असेल तर हेलियम आणि सोडियमच्या रेषांतला फरक डोळ्यांनी पाहता येतो. मिलिमीटरला 600 रेषांची ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, बारीक रेषा आखलेली पट्टी), तिच्यापासून 30 सेंमीवर दोन ब्लेडच्या धारांची फट. फटीच्या अर्ध्या लांबीवर नळीचा, उरलेल्या अर्ध्यावर मीठ टाकलेल्या ज्योतीचा प्रकाश घ्या. दोन्ही पिवळ्या रेषा फटीपाशी जेमतेम 0.3 मिमी सरकलेल्या दिसतात, त्यामुळे फट 0.1 मिमीच्या आसपास हवी. अर्धा मिमी ठेवली की एकच जाड पट्टा. फट ग्रेटिंगच्या रेषांना समांतर नसेल तरी रेषा फिसकटतात. नळीला हजारो व्होल्ट असतात, टोकांना हात नको. आणि हे यंत्र सूर्याकडे रोखायचं नाही.