जुन्या वाड्यातलं वायरिंग 'सुरक्षित' असल्याचा दाखला: त्यात नक्की काय असायला हवं?

मुक्ता_पेठकर:
नमस्कार. आम्ही पुण्यात नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. खोल्यांमध्ये अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे, काळी गोल बटणं आहेत, मीटरखाली चिनीमातीचे फ्यूज आहेत. गेल्या आठवड्यापासून गीझर चालू असताना नळाला ओला हात लागला की बोटांना मुंग्या येतात. मुलगी तीन वर्षांची आहे, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही.

मालकांना सांगितलं तर त्यांनी इलेक्ट्रिशियन पाठवला. तो पाच मिनिटं बटणं दाबून गेला आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर एक ओळ आली: 'सदर जागेतील वायरिंग तपासले असून सुस्थितीत आहे.' खाली सही आणि शिक्का. मी स्वतः तीन दिव्यांचा प्लग टेस्टर आणून गीझरच्या सॉकेटमध्ये लावला, तोही 'बरोबर' दाखवतो. मग मुंग्या का येतात? आणि या दाखल्याला काही अर्थ आहे का?

वायरमनकाका:
ताई, आधी गीझरचा प्लग काढा. आज, आत्ता. पाणी गॅसवर तापवा. बाकी सगळं नंतर.

मी परवानाधारक सुपरवायझर म्हणून शहरातल्या पेठांमध्येच काम केलं, आता निवृत्त आहे. एका ओळीचा दाखला मी कागद म्हणून धरतच नाही. वायरिंग तपासलं म्हणजे काहीतरी मोजलं, आणि मोजलं असेल तर आकडा असणारच. आकडा नाही म्हणजे मोजलं नाही.

तुमचा टेस्टर 'बरोबर' दाखवतो हीच मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. वाड्यांमध्ये पूर्वी अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधायचे. पाइप जमिनीत जायचा, काम भागायचं. पुढे प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाइप आले आणि अर्थिंग कधी मेलं हे कुणाला कळलंही नाही. मग कुणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) आणि अर्थच्या पिनमध्ये तारेचा तुकडा टाकतो. टेस्टरचे दिवे लागतात, कारण खरं अर्थिंग आणि हा तुकडा यातला फरक त्याला कळत नाही. पण न्यूट्रलच्या सैल जोडावर जेवढा व्होल्टेज चढतो तेवढा थेट गीझरच्या बॉडीवर आणि नळावर येतो. त्या मुंग्या याच असाव्यात असा माझा अंदाज आहे. आणि उद्या तो न्यूट्रल मागे कुठे तुटला तर २३० व्होल्ट नळावर येतील, फ्यूज उडणार नाही. म्हणून सॉकेट उघडून डोळ्यांनी बघायला लावा, मेन स्विच बंद करून.

लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरला रबराचं आवरण असतं. ते वाळून कडक होतं आणि वाकवलं की भुगा पडतो. बाहेरून छान दिसतं. त्यासाठी मेगर, म्हणजे वायरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजणारं यंत्र, लागतो: मेन बंद, सगळे दिवे-उपकरणं काढलेली, ५०० व्होल्टवर एक मिनिट. प्रत्येक लाइनचा आकडा लिहून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आला तर ती लाइन नापास. अर्थिंगचा आकडा वेगळा, अर्थ टेस्टरने काढलेला. गीझरला ४ स्क्वेअर मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण फक्त त्या डब्याची परीक्षा घेतं, तुमच्या अर्थिंगची नाही, हेही लक्षात ठेवा.

कागदावर कंत्राटदाराचा परवाना क्रमांक, तारीख आणि हे सगळे आकडे हवेत. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, त्यापुढची घरातली. तिकडे तक्रार करून वायरिंग बदलून मिळणार नाही.

कलम_आणि_कायदा:
कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: दुरुस्ती मालकाने करायची. नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण हे भाडेकरूसाठी. तुमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा आहे, त्यामुळे या कलमावर भिस्त ठेवून भाडं कापू नका. मालकांना लेखी कळवा, आणि नूतनीकरणाच्या वेळी 'तपासणीचा आकड्यांसह अहवाल मालक देतील' हे कलम करारातच घाला.

रेडिंगचा_राजू:
मी इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहतो. इथे २०२० पासून नियमच आहे: किमान दर पाच वर्षांनी तपासणी आणि नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी अहवालाची प्रत. दोष निघाला तर त्याला श्रेणी मिळते. सी१ म्हणजे धोका आत्ता आहे, सी२ म्हणजे होऊ शकतो. दोन्हीत अहवाल नापास होतो आणि मालकाला २८ दिवसांत, गरज असेल तर त्याआधी, दुरुस्ती करावी लागते.

मला त्यातला सर्वांत उपयोगाचा भाग वाटतो तो 'काय तपासलं नाही' हा रकाना. फळ्यांखालची वायर उघडली नाही, माळ्यावर जाता आलं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या माणसाकडूनही तेवढं लिहून घ्या.

मुक्ता_पेठकर:
काका, तुमचा अंदाज खरा निघाला. मालकांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तेव्हा ते स्वतः उभे राहिले. परवानाधारक कंत्राटदार आला. सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थचा तुकडा सापडला, आणि अर्थिंगची तार मोरीच्या भिंतीतल्या कापलेल्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. आता मागच्या अंगणात नवीन अर्थिंग केलंय, गीझरची वायर स्वतंत्र ओढलीय. स्वयंपाकघराची लाइन मेगरला नापास झाली, ती पुढच्या आठवड्यात बदलणार आहेत.

एक अडचण आहे. आरसीसीबी बसवलाय, पण पुढच्या खोलीतला दिवा लावला की आरसीसीबी पडतो आणि वीज जाते. कंत्राटदार म्हणतो, ती लाइन आरसीसीबीच्या बाहेर काढू. चालेल का?

वायरमनकाका:
बाहेर काढू देऊ नका. त्या दिव्याचा न्यूट्रल बहुतेक शेजारच्या बिऱ्हाडाकडून आलेला असेल. एक घर दोन घरांत विभागलं की वाड्यांमध्ये हे हमखास सापडतं. आरसीसीबीतून गेलेली वीज दुसऱ्या वाटेने परतते, म्हणून तो पडतो. तो त्याचं काम करतोय. त्या दिव्याला तुमच्याच बोर्डापासून नवीन न्यूट्रल ओढायला सांगा आणि जुना जोड शेजारच्यांसमोर, दोन्ही घरांचे मेन बंद करून तोडायला सांगा. आणि स्वयंपाकघराची वायर बदलेपर्यंत त्या लाइनचा फ्यूज काढून ठेवा. फ्रीज तोवर बाहेरच्या खोलीत ठेवा, पण तिथली लाइन मेगरला पास झालीय का ते आधी कागदावर बघा.