‘जैवसंवेदक’मधला ‘जैव’ नक्की कोणाचा?

दांडियाबाजारकर
मंडळी, वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा आरोग्य अंक निघतोय. डीएनए आणि प्रथिनं ओळखणाऱ्या ऑप्टिकल बायोसेन्सर चिपांवरचा लेख मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘प्रकाशीय जैवसंवेदक’ वाचून आईनं विचारलं, “हे जिवंत असतं का रे?” म्हणून खाली ‘म्हणजे शरीरातल्या गोष्टी मोजणारं उपकरण’ असा खुलासा टाकलाय. चालेल ना?

फतेगंज_लॅबवाली
नाही चालणार, दादा. शरीरातलं काही मोजलं की झाला जैवसंवेदक, असं असतं तर थर्मामीटरही त्यात आला असता. करोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर घ्या. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश जातो, म्हणजे पक्का ऑप्टिकल, तरी तो जैवसंवेदक नव्हे. साखर तपासायच्या पट्टीवर मात्र एंझाइम असतं, म्हणून ती जैवसंवेदक; पण हल्लीच्या बहुतेक पट्ट्या विजेचा प्रवाह मोजतात, त्यामुळे ऑप्टिकल नाही. ‘जैव’ हे विशेषण शोधायचा रेणू पकडणाऱ्याचं आहे. पकडणारा एंझाइम असेल, प्रतिपिंड (अँटिबॉडी) असेल, नाहीतर डीएनएचा एकेरी धागा. 1962 मध्ये लेलंड क्लार्कनं इलेक्ट्रोडला एंझाइमची जोड दिली, तिथून ही कल्पना आली.
तेव्हा आईंना सांगा, जिवंत नसतं, पण जिवंतांकडून घेतलेलं किंवा त्याच्या नमुन्यावर बनवलेलं काहीतरी त्यावर बसवलेलं असतं.

रावपुरा७
‘चिपा’ वाचून भूक लागली. आपल्याकडे बटाट्याच्या चिप्सना वेफर म्हणतात, आणि सिलिकॉनच्या चिपा खरोखर वेफरमधूनच कापतात!
बरं, लेखात चिपेला ‘दिसतं’ म्हटलंय, म्हणजे काय दिसतं?

फतेगंज_लॅबवाली
‘दिसतं’ हे क्रियापदच काढा. एका प्रकारात काचेवर सोन्याचा साधारण 50 नॅनोमीटर जाडीचा थर असतो आणि त्यावर प्रतिपिंड बसवलेले असतात. प्रकाश खालून, काचेच्या बाजूनं येतो. रक्तद्रव वरून वाहतो, प्रकाश त्यातून जातच नाही. एका ठरावीक कोनाला परतणारा प्रकाश एकदम मंदावतो, कारण ती ऊर्जा सोन्यातले इलेक्ट्रॉन घेतात. प्रथिनं येऊन बसली की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) किंचित बदलतो आणि तो कोन सरकतो. मोजायचं ते हे सरकणं. वरच्या काहीशे नॅनोमीटरपलीकडे काय चाललंय याचा चिपेला पत्ता नसतो.
यात रेणूला चमकणारा रंग जोडावा लागत नाही. ‘लेबल-फ्री’ला ‘रंगखूण न लावता’ लिहा. ‘बिनरंगी’ नको, वाचणाऱ्याला वाटेल चिप पारदर्शक आहे.

सूरसागरकाठ
‘प्रोब’साठी एषणी कशी वाटते? सुश्रुतानं सांगितलेल्या शस्त्रांत आहे, व्रणात घालून त्याची वाट शोधायची सळई.

फतेगंज_लॅबवाली
काका, शब्द देखणा आहे, पण एषणी आत शिरते. डीएनए चिपेवरचा प्रोब जागचा हलत नाही, शोधायचा डीएनएच त्याच्याकडे येतो. ‘बसवलेला धागा’ पुरे.

दांडियाबाजारकर
आणि हायब्रिडायझेशन? कोशात ‘संकरण’ सापडलं.

सूरसागरकाठ
अहो, संकरण म्हटलं की संकरित गाय आठवते. इथे ए समोर टी, जी समोर सी, अशी जोडी जमते आणि दोन एकेरी धागे एक होतात. पत्रिका जुळण्यासारखंच, फक्त इथे गुण फार कमी पडले तर चिप धुताना धागा निघून जातो. ‘जोडी जुळणे’ लिहा, कंसात काही नको.

रावपुरा७
प्रथिनाला मात्र ‘जुळणे’ नको. तिथे आकार बसतो, अक्षरं नाहीत. ‘बांधले जाणे’?

फतेगंज_लॅबवाली
बरोबर, तिथे ‘बांधले जाणे’च.
दादा, एक राहिलं. तुमच्या मसुद्यात ‘विषाणूचा डीएनए नाही’ असं वाक्य आहे. ते ‘आढळला नाही’ करा. प्रत्येक चिपेची एक किमान पातळी असते, त्याखालचं तिला कळत नाही. नमुना संसर्गाच्या पहिल्या दिवसांत घेतला असेल तर डीएनए असूनही निकाल कोरा येऊ शकतो. अंक वाचून कोणी पुढची तपासणी टाळली तर पंचाईत.

दांडियाबाजारकर
केलं. मथळ्यात ‘बायोसेन्सर चिप’च ठेवतोय, ‘जैवसंवेदक’ आत एकदा येईल. आईचा पुढचा प्रश्न आलाय: सोनं किती कॅरेटचं?