टीबीच्या गोळ्या ६ महिने का?

महिन्याभरात खोकला थांबतो, वजन वाढतं, मग गोळ्या ६ महिने कशाला असं वर विचारलंय म्हणून लिहिते. माझ्या काकांनी हाच विचार करून तिसऱ्या महिन्यात सोडल्या आणि वर्षाच्या आत तोच संध्याकाळचा ताप परत, तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. होतं काय, फुप्फुसात आपल्या पेशी जंतूला घेरून गाठ करतात, तिथे ऑक्सिजन कमी पडला की जंतूमधला डॉसआर नावाचा स्विच दबतो आणि त्याचे जवळपास ५० जीन्स एकदम चालू होतात, वाढ थांबल्यात जमा, आणि जंतू आपल्याच पेशींमधली चरबी, कोलेस्टेरॉल खाऊन जगायला लागतो, वर चरबीचे थेंब स्वतःच्या आत साठवतो, पावसाळ्याआधी बेगमी करतात ना तसंच! चरबीवर भागवायला त्याला आयसोसिट्रेट लायेज हे एन्झाइम लागतं, ते काढून टाकलेला जंतू उंदरांमध्ये आधी वाढला पण नंतर टिकला नाही, हे २००० साली दिसलं. आता टीबीच्या गोळ्यांमधलं एक औषध, आयसोनियाझिड, मारतं ते स्वतःभोवती नवीन भिंत बांधणाऱ्या, म्हणजे वाढणाऱ्या जंतूला, आणि हा झोपलेला तर भिंत बांधतच नाही. त्याच्यासाठीच रिफाम्पिसिन आणि सुरुवातीचे २ महिने पायराझिनामाइड ही औषधं असतात, आणि हे झोपलेले जंतू संपावेत म्हणूनच गोळ्या ६ महिने.